ग्रास जीआयएस: चर खणण्याआधी पाणी धावताना पाहायचं असेल तर

पाणलोटाचं काम करणाऱ्या आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर पैसे घालणं परवडत नसलेल्या प्रत्येकाने ग्रास जीआयएस हे नकाशांवर उतार आणि पाण्याचं गणित करणारं फुकट सॉफ्टवेअर शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गेली काही वर्षं मी एका छोट्या संस्थेसाठी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, इगतपुरी आणि त्र्यंबक या तालुक्यांत बांधबंदिस्ती, सलग समतल चर आणि नालाबांधाची कामं आखते. आराखडा काढायला, पाणी कुठून किती येईल याचा अंदाज घ्यायला आणि गावासमोर तो अंदाज मांडायला मी हेच वापरते. वापरायला सोपं आहे असं म्हणणार नाही. पण जे काम हे करतं ते मनापासून करतं.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातून याचा स्वभाव कळतो. १९८२ साली अमेरिकी लष्कराच्या इलिनॉयमधल्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत याची सुरुवात झाली. लष्कराकडे सरावासाठी प्रचंड जमिनी होत्या. रणगाडे फिरून माती सुटत होती, पाणी वाट बदलत होतं आणि त्या जमिनी सांभाळायच्या कशा हा प्रश्न होता. देवळालीच्या सरावाच्या माळाशेजारी वाढलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच समजतो. नव्वदच्या दशकात लष्कराने त्यातून अंग काढून घेतलं, विद्यापीठांतल्या लोकांनी ते उचललं आणि १९९९ पासून ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे. म्हणजे सुरुवातीपासून हे जमीन, उतार, पाणी आणि माती यांच्यासाठी बनलेलं सॉफ्टवेअर आहे. नकाशे सजवणं त्यात मागाहून आलं आणि ते जाणवतं. छापायला देखणा नकाशा हवा असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं दुसरं सॉफ्टवेअर वापरा, मीही तेच करते.

आता कामाचं. ग्रासमध्ये एकेका कामासाठी एकेक छोटा प्रोग्राम असतो, त्याला मोड्यूल म्हणतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मोड्यूल म्हणजे आर.वॉटरशेड. त्याला डीईएम, म्हणजे प्रत्येक चौकोनात (पिक्सेलमध्ये) जमिनीची उंची लिहिलेला नकाशा द्यायचा आणि किमान किती पिक्सेलचं पाणलोट मोजायचं तो आकडा द्यायचा. ३० मीटर बाजूच्या पिक्सेलच्या डेटावर १,००० दिलात तर ९० हेक्टर झाले. मग ते नाले, पाणलोटाच्या हद्दी आणि प्रत्येक पिक्सेलमधून वरच्या किती जागेचं पाणी जातं ते काढून देतं. बऱ्याच सॉफ्टवेअरना आधी डीईएममधले खड्डे बुजवून द्यावे लागतात, नाहीतर नाला मध्येच तुटतो. इथे ते लागत नाही. कमीत कमी चढाची वाट शोधत ते खड्ड्यातून स्वतःच बाहेर पडतं. त्र्यंबकच्या बाजूला भातखाचरांच्या सपाट पायऱ्या आहेत. तिथे बुजवाबुजवी केली की सगळी खाचरं एकसपाट होतात आणि नाला सरळ रेघेसारखा येतो. इथे नाला त्यामानाने खऱ्या ओहोळाच्या जवळ राहतो.

याच मोड्यूलची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. काही ठिकाणी आकडा उणे येतो. नवीन माणूस गोंधळतो, पण तो उणे मुद्दाम दिलेला असतो. या पिक्सेलला नकाशाच्या बाहेरूनही पाणी येत असावं, तेव्हा इथली बेरीज अपुरी धरा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सगळा डेटा तालुक्याच्या हद्दीत कापून देण्याची पद्धत आहे. नाशिक तालुक्याच्या हद्दीत डीईएम कापला आणि गोदावरी काढायला बसलं, तर ब्रह्मगिरीपासूनचं त्र्यंबक तालुक्यातलं पाणी हिशेबातच नाही. गोदावरीच्या पात्रातले आकडे उण्यात जातात आणि नकाशाच सांगतो की कापणी चुकली. पाण्याला तालुका कळत नाही हे आपण बैठकीत बोलतो. हे सॉफ्टवेअर ते आकड्यात पकडतं, आणि मला ते असं प्रामाणिक हवं आहे.

पण ज्यासाठी मी याला जीव लावते ते मोड्यूल वेगळं आहे: आर.सिम.वॉटर. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या हेलेना मितासोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीवर ते चालतं. पाऊस ताशी किती मिलिमीटर, त्यातला किती मुरतो, जमीन किती खडबडीत आणि पाऊस किती मिनिटं, एवढं सांगायचं. मग ते हजारो कण उतारावरून सोडतं आणि कुठे किती खोल पाणी साचेल, कुठून किती घनमीटर प्रतिसेकंद वाहील याचे नकाशे देतं. मिनिटामिनिटाला नकाशा मागितलात तर त्याचं ॲनिमेशनही होतं.

सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका गावात एका नाल्यावर साखळी बंधाऱ्यातला पहिला बंधारा कुठे घालायचा यावर चर्चा चालू होती. ड्रोनचा सर्वे झालेला होता. मी त्याची सरासरी काढून एक मीटरचा डीईएम केला, कांद्याच्या रानांना आणि पडीक माळाला खडबडीतपणाचे वेगळे आकडे दिले, ताशी ५० मिलिमीटरचा अर्धा तास पाऊस पाडला आणि ॲनिमेशन समाजमंदिराच्या भिंतीवर लावलं. निळा रंग वरच्या माळावरून उतरला, नाल्यात आला आणि गावच्या रस्त्याच्या भरावापाशी येऊन थांबला. रस्त्याच्या वरच्या अंगाला चांगलं तळं झालं.

मागे बसलेले एक आजोबा उठले. "ताई, तिथं पाणी तुंबत नाही. रस्त्याखालून नळ टाकलाय."

"नळ केवढा आहे, आबा?"

"नळ मोठाय. पण निम्मा गाळानं बुजलाय. मोठा पाऊस आला तर तुंबतं बी."

ड्रोन वरून बघतो. त्याला रस्ता दिसतो, रस्त्याखालची मोरी दिसत नाही. म्हणून डीईएममध्ये प्रत्येक भराव हा एक बंधाराच असतो. आर.वॉटरशेड भराव ओलांडून पुढची वाट काढतं, तिथे हे लपून जातं. आर.सिम.वॉटरमध्ये पाणी खरंच साचतं, म्हणून चटकन डोळ्यात भरतं. मी आर.मॅपकॅल्क या नकाशांवर आकडेमोड करणाऱ्या मोड्यूलने मोरीच्या जागी भरावाची उंची नाल्याच्या तळाइतकी उतरवली आणि तोच पाऊस पुन्हा पाडला. मग मोरी पूर्ण बंद आणि मोरी पूर्ण उघडी अशा दोन नकाशांची वजाबाकी करून तीही भिंतीवर दाखवली. फरक एका जागी ठसठशीत दिसत होता. मोरी बंद असली की पाणी भरावाच्या कडेने वळून डाव्या अंगाच्या रानांत शिरत होतं आणि तिथून बांध फोडत खाली जात होतं. त्या रानांचे मालक समोर बसले होते. कोणत्या साली बांध फुटला ते त्यांना पाठ होतं.

त्या बैठकीत ठरलं की बंधाऱ्याच्या आधी मोरीतला गाळ निघायला हवा आणि बंधारा मोरीच्या खालच्या अंगाला सरकवायचा. हे आजोबांना आधीपासून माहीत होतंच. पण त्यांचं म्हणणं आराखड्यात येण्यासाठी कागदावर आकडा लागत होता आणि तो आकडा काही मिनिटांत मिळाला. मोडेलकडून माझी अपेक्षा एवढीच आहे: गावातल्या माणसाला बोट ठेवून "इथं असं होत नाही" म्हणता यावं आणि ते म्हणणं लगेच तपासून बघता यावं.

हे तपासून बघणं शक्य होतं त्यामागे ग्रासची आणखी एक शिस्त आहे, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. प्रत्येक नकाशा कोणत्या आज्ञेने तयार झाला, त्यात कोणते आकडे दिले होते, हे त्या नकाशाबरोबरच साठवलेलं राहतं. आर.इन्फो चालवा, सगळं समोर येतं. दोन वर्षांनी एखाद्या अभियंत्याने विचारलं, "हा ताशी ५० मिलिमीटर तुम्ही कुठून धरलात?" तर उत्तर शोधायला जुन्या वह्या चाळाव्या लागत नाहीत. सरकारी पैशाच्या कामात हे फार मोठं आहे.

पावसाच्या आकड्यावर मात्र सॉफ्टवेअर मदत करत नाही, तो आपणच आणायचा. महावेधच्या हवामान केंद्रांमुळे मंडळनिहाय पाऊस मिळतो, हे चांगलं झालं. पण दिवसाचा १०० मिलिमीटर एवढं पुरत नाही. तो दिवसभर रिपरिपत पडला की दोन तासांत कोसळला, यावर सगळं अवलंबून. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात ५००-६००, आणि मधे अंतर ५०-६० किलोमीटरचं. तरीही सिन्नरची एखादी वळवाची सर इगतपुरीच्या झडीपेक्षा जास्त नुकसान करून जाते. आकडा भरताना हे ध्यानात ठेवा.

मुरणाऱ्या पाण्याचं गणित इथे सरळसोट आहे. तुम्ही एक दर देता आणि तो पावसाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच राहतो. काळ्या जमिनीचं तसं नसतं. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते, पहिलं पाणी गटागटा पिते, मग फुगून भेगा मिटतात आणि पाणी वर तरंगायला लागतं. म्हणून मी आधी कर्व्ह नंबरच्या पद्धतीने वहीवर हिशेब करते. यात जमिनीला एक नंबर देतात; तो जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहून जातं. १०० मिलिमीटर पाऊस धरला तर ८० नंबरच्या जमिनीवरून साधारण ५० मिलिमीटर वाहून जातो, ९० नंबरच्या जमिनीवरून जवळजवळ ७३. (पाणी वाहायला लागण्याआधीचं शोषण नेहमीप्रमाणे जमिनीच्या साठवणक्षमतेच्या ०.२ पट धरून.) सिम्युलेशनमधून एकूण वाहिलेलं पाणी या आकड्याच्या जवळपास येतंय ना, ते बघूनच पुढे जाते. मुरमाड माळाला आणि काळ्या रानाला मुरण्याचा एकच दर देऊ नका. दराचा नकाशाच द्या, ते तशी सोय देतं.

मातीची धूप काढायलाही हे कामाचं आहे. धुपीच्या सूत्रातला उताराची लांबी आणि तीव्रता यांचा भाग आर.वॉटरशेडमधूनच निघतो, बाकीचे गुणक आर.मॅपकॅल्कमध्ये गुणायचे. पावसाच्या मारक शक्तीसाठी भारतात सर्रास वापरलं जाणारं साधं सूत्र म्हणजे ७९ अधिक ०.३६३ गुणिले वार्षिक पाऊस. त्यात ३,००० मिलिमीटर घातले तर १,१६८ येतात, ५५० घातले तर २७९. एकाच जिल्ह्यात चौपट फरक. दिंडोरीकडे उतारावर उभ्या रांगांत द्राक्षबाग लावणाऱ्यांना रांगा कंटूरने वळवल्या तर काय फरक पडेल, ते या गुणाकाराने दाखवता येतं. याहून पुढे जाऊन शेकडो वर्षांत डोंगरउतार कसा बदलेल याचं मोडेल करणारं आर.लँडस्केप.इव्हॉल नावाचं ॲडऑन आहे. ते संशोधकांसाठी आहे. आमच्या कामात त्याची गरज पडत नाही.

त्रास कुठे होतो तेही सांगायला हवं. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे रीजन. ग्रासमध्ये गणित नकाशाच्या आकारावर चालत नाही, तुम्ही जी.रीजनने ठरवलेल्या चौकटीवर आणि तिच्या पिक्सेलवर चालतं. आधीच्या कामाची चौकट ३० मीटरची राहिली असेल, तर तुमचा एक मीटरचा महागडा ड्रोन डेटा ते निमूटपणे ३० मीटरवर चालवेल आणि चूक म्हणून काहीही दाखवणार नाही. नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते: कोणतंही काम सुरू करण्याआधी चौकट बघायची. एकदा सवय लागली की मात्र हीच सोय वाटते. अख्ख्या गोदावरी खोऱ्याचा डीईएम ठेवा आणि चौकट फक्त एका नाल्याभोवती आखा, नकाशा कापायची गरजच नाही.

दुसरा त्रास सुरुवातीच्या मांडणीचा. फाइल उघडली आणि काम सुरू, असं इथे नसतं. आधी प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) ठरवून प्रोजेक्ट बनवायचा, त्यात मॅपसेट (नकाशे ठेवायचा कप्पा) आणि मग नकाशे आत आणायचे. आपल्या जिल्ह्यासाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रोजेक्शन, यादीतला ईपीएसजी क्रमांक ३२६४३, घ्या, म्हणजे सगळं मीटरमध्ये राहील. अक्षांश-रेखांशातल्या डेटावर थेट पाणी वाहवायला जाऊ नका. ८.४ आवृत्तीत पडदे बरेच सुटसुटीत झालेत, तरी खिडक्यांची गर्दी आहेच. क्यूजीआयएसमधूनही ग्रासची मोड्यूलं चालतात आणि शिकायला ती वाट चांगली आहे, पण रीजन तिथे मागे लपतो आणि दरवेळी नकाशा नव्याने आत नेला जातो. सिम्युलेशन करायचं तर ग्रासच उघडा. मदतीची पानं उत्तम आहेत, प्रत्येक मोड्यूलला उदाहरण दिलेलं आहे, पण सगळी इंग्रजीत. कृषी विभागाच्या किंवा संस्थांच्या गावपातळीवरच्या मुलामुलींना ही भिंत फार उंच पडते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाला डोळे मिटून काढू शकणारी मुलं केवळ भाषेमुळे यापासून लांब राहतात.

कशासाठी वापरू नये तेही स्पष्ट सांगते. नाशिक शहरातला गोदेचा पूर यावर मोजायला जाऊ नका. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे वरच्या पावसाइतकंच गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले यावर ठरतं. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत ते सगळ्या शहराने पाहिलं. शिवाय सराफ बाजाराकडे येणारा सरस्वती नाला शहरात जमिनीखालून जातो. धरणाचे दरवाजे, पूल, बंदिस्त नाले हे आर.सिम.वॉटरच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी अमेरिकी लष्कराच्याच अभियंत्यांचं हेक-रास आहे, तेही फुकट आहे, आणि २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून त्यात पुराचं पसरणं दोन मितींत काढता येतं. विहिरींची पातळी, बेसॉल्टच्या भेगांतून मुरलेलं पाणी पुढे कुठे जाईल, हेही ग्रासचं हे मोड्यूल सांगत नाही. ते विहिरी मोजूनच कळतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्याच लोकांनी ग्रासवर एक सुंदर गोष्ट उभी केली आहे, टँजिबल लँडस्केप नावाची. टेबलावर वाळूचा डोंगर करायचा, वरून स्कॅनर त्याची उंची वाचतो, ग्रास त्यावर पाणी वाहवतं आणि प्रोजेक्टर ते पाणी त्याच वाळूवर दाखवतो. हाताने एक बांध घातला की काही क्षणांत पाण्याची वाट बदललेली दिसते. आश्रमशाळेतल्या मुलांसमोर हे एकदा तरी मांडायचं माझ्या मनात आहे.

लॅपटॉप फार भारी लागत नाही. आठ जीबी रॅमवर एखाद्या गावाच्या पाणलोटाचं एक मीटरचं काम निभतं, सोळा असेल तर उत्तम. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. पेठ-हरसूलच्या पट्ट्यात मुक्काम करणाऱ्यांना याची किंमत कळेल.

खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही, उंचीच्या आकड्यांची आहे. फुकट मिळणारे डीईएम म्हणजे एसआरटीएम, कोपर्निकस आणि आपल्या कार्टोसॅट-१ वरून बनवलेला, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारा कार्टोडेम. हे सगळे साधारण ३० मीटरचे. ३० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास नऊ गुंठे. त्यात ६० सेंटिमीटर रुंदीचा चर, शेताचा बांध किंवा गावरस्त्याचा भराव दिसणं शक्यच नाही. मोठ्या पाणलोटाच्या हद्दी काढायला तो पुरतो, बंधाऱ्याची जागा ठरवायला नाही. ड्रोनने काम होतं, पण त्याचा खर्च आहे, आणि देवळालीची लष्करी हद्द किंवा ओझरचं विमानतळ जवळ असेल तर परवानगीचं वेगळंच काम होऊन बसतं. गावातल्या मिळकती मोजण्याच्या स्वामित्व योजनेत गावोगाव ड्रोन फिरले, पण ते गावठाणावरून, शिवारावरून नाही. २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात २०३० पर्यंत सपाट भागासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटर अचूकतेच्या डीईएमचं लक्ष्य लिहिलेलं आहे. ते आकडे जेव्हा येतील तेव्हा ग्रामपंचायतींना खुले मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण आत्तापासून ग्रामसभेच्या ठरावात घालायला सुरुवात करावी. आमच्या संस्थेने ज्या गावांत काम केलं आहे, तिथे ठरावाचा मसुदा द्यायला आम्ही सुरुवात केली आहे.